पूर्णाकाठचं समुद्रजल

ज्या दर्यावर्दीच्या सागरसफरीला इतकी शतकं झाली म्हणून सरकारने पैसा सोडला, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. बिचारा लाकडाच्या जहाजात बसून निघाला, काही सापडलं, काही हुकलं, जिवंत परत आला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा काडीचा दोष नाही. माझं भांडण त्याच्या नावाने अमरावतीत ज्यांनी मंडप घातला त्यांच्याशी आहे. भांडण तरी कसलं? भांडायला समोरचा बरोबरीचा लागतो. या मंडळींकडे पाहिलं की माझं तोंड आपोआप वाकडं होतं, आणि ते सरळ करायची मला गरज वाटत नाही.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्यापासून समुद्र रेल्वेने एक आख्खी रात्र लांब आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो फक्त फोनवर पाहिलेला. पण योजनेत लिहिलं होतं की सोहळा राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी झाला पाहिजे. समुद्र आहे की नाही हे विचारायला योजनेत जागा नव्हती. निधी फेब्रुवारीत आला आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा होता. मार्चअखेर हा आपल्याकडचा खरा सण. दिवाळीला उसनवारी करावी लागते, मार्चअखेरला पैसा दारात उभा राहून 'मला खर्च करा' म्हणून रडतो.

समिती चार जणांची होती. अध्यक्ष आमचे प्राचार्य. दुसरे समन्वयक, योजनेनेच पाठवलेले, पुण्याकडचे, पोरसवदा, अतिशय नम्र. दर वाक्यात 'संकल्पना' हा शब्द आला नाही तर त्यांना श्वास घेता येत नसावा. तिसरा मंडपवाला, ज्याच्या त्याच कापडाखाली अर्ध्या शहराची लग्नं लागली आहेत. चौथी मी, कारण विषय इतिहास. पहिल्या बैठकीत गिला वडा आला, चहा आला, आणि समन्वयकांनी सूचना वाचून दाखवल्या. समारंभात समुद्रजलाचं पूजन करावं. शक्य तिथे जहाजाची प्रतिकृती समुद्रजलात तरंगवावी. पूजन झाल्यावर त्या जलाचं सन्मानपूर्वक विसर्जन करावं.

"समुद्र आणायचा कुठून?" मी विचारलं.

"कोकणातून कॅन मागवलेत मॅडम," समन्वयक म्हणाले. "ट्रॅव्हल्सने येतील."

प्राचार्यांनी सुचवलं, की सोहळा दर्यापूरला घ्यावा, नावातच दर्या आहे. ते विनोद करत नव्हते. मंडपवाल्याने मान हलवली, कारण लांबचा मंडप म्हणजे वाहतुकीचं वेगळं बिल. मी म्हटलं, तिथे दर्या शोधायला गेलात तर हाती कोरडं नदीपात्र लागेल. तो विषय तिथेच मिटला. इतिहासाच्या माणसाचा एवढाच उपयोग असतो, तो विषय मिटवतो.

दर्यापूरच्या पलीकडे, अकोल्याच्या बाजूला, पूर्णेच्या काठी माझं माहेर आहे. तो सगळा खारपाणपट्टा. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे जमिनीखालचं पाणीच खारट आहे. विहीर खणा, बोर मारा, पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. चहात साखर टाका, गूळ टाका, मागून तो खारा चिवटपणा येतोच. लहानपणी मी अकोल्याला मावशीकडे गेले आणि नळाचं पाणी प्याले, तर मला वाटलं मावशीने त्यात साखर घातली आहे. मावशी हसली होती, आई मात्र हसली नाही.

गावात काही वर्षांपूर्वी पाणी गोड करायचं मशीन बसलं. लोखंडी खोली, त्यात नळ, नाणं टाकलं की कॅन भरायचा. त्याचं उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो निघाले. पुढे त्याची पाणी गाळणारी आतली जाळी गेली. ती बदलायला पैसा नाही, म्हणून खोलीला कुलूप लागलं. आता त्या खोलीच्या सावलीत बकऱ्या बसतात.

माझा मोठा भाऊ, दादा, वहिनीसोबत गावातच राहतो. चार एकर काळी आहे, कपाशी आणि हरभरा घेतो, खाऊनपिऊन बरा आहे. गेल्या वर्षी त्याच्या पायांवर सूज आली. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की दोन्ही किडन्या थकल्या आहेत, अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, पण जातील. पाण्यामुळेच झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर शहाणे होते, त्यांनी ठामपणे हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढं म्हणाले, "बाकी औषधं मी देतो. पाणी तेवढं गोडं प्या. डायलिसिसच्या मशीनवर जायची पाळी लांबवायची असेल तर हे पहिलं."

आता गोडं पाणी प्यायचं कुठून? दादाला मी म्हटलं, अमरावतीला ये, माझ्याकडे राहा. तो म्हणाला, "मी येईन. बैल कोन आनते?" अमरावतीच्या अलीकडच्या वलगावच्या पुढे एसटी गेली की त्याला परत कधी फिरतो असं होतं. मग आठवड्याला मी किंवा माझा मुलगा एसटीच्या टपावर कॅन चढवून पाठवायचो. कंडक्टर कधी घ्यायचा, कधी हाकलून द्यायचा. कॅन पोचला नाही त्या दिवशी दादा बोरचंच पाणी प्यायचा आणि फोनवर आम्हाला सांगायचा नाही.

तर हे माझ्या डोक्यात असताना समितीची दुसरी बैठक भरली. कोकणातले कॅन आले होते, पण रिकामे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत एकाचं बूच निघालं, वास सुटला, प्रवाशांनी आरडाओरडा केला आणि ड्रायव्हरने सगळेच कॅन वाटेत ओतून टाकले. मला तो ड्रायव्हर कोण ते कळलं असतं तर मी त्याला घरी जेवायला बोलावलं असतं. समन्वयकांचा चेहरा पडला होता. मंडपवाला म्हणाला, नळाच्या पाण्यात मीठ टाकू, पोतं मी आणतो. प्राचार्य म्हणाले, मिठाचं बिल कसं दाखवायचं?

तेव्हा मी बोलले. मी बोलायला नको होतं असं मी म्हणणार नाही, कारण मी जे बोलले ते हसण्यासाठी होतं आणि आमच्याकडचा कोणीही माणूस त्यावर हसला असता. मी म्हटलं, "समुद्र पाहिजे ना? माझ्या माहेरी चला. बोर चालू करा, निघाला समुद्र. फुकटात. आमी तर रोज पेतो."

प्राचार्य वऱ्हाडातले, ते ओठ दाबून खाली पाहू लागले. पण समन्वयकांनी पेन उघडलं. "मॅडम, ही अप्रतिम संकल्पना आहे," ते म्हणाले. "वऱ्हाडाच्या पोटातला समुद्र! प्राचीन काळी इथे समुद्र होता असं म्हणतात ना? म्हणजे हे खरंखुरं पुरातन समुद्रजल."

मी सांगू लागले, की अहो, मी थट्टा करत होते. पण त्यांच्या वहीत ती संकल्पना उतरली होती, आणि सरकारी वहीत उतरलेली थट्टा ही थट्टा राहत नाही. मंडपवाला लगेच म्हणाला की हौदात जहाज तरंगवायचं तर कॅनने भागणार नाही, आख्खा टँकर लागेल. टँकर त्याच्या साडूचा होता.

टँकर म्हटल्यावर मात्र मी सावध झाले. मी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी शहाण्यासारखं, आवाज न चढवता सांगितलं. टँकर इथून रिकामा जाणार आहे. त्याऐवजी इथून गोड्या पाण्याने भरून जाऊ द्या. गावात ते पाणी वाटा, मग खारं भरून आणा. खर्च तोच, फेरी तीच. मग मी त्यांना त्यांच्याच दर्यावर्दीची आण घातली. म्हटलं, जहाजावर सगळ्यात मोलाची वस्तू कोणती होती माहीत आहे का? गोड्या पाण्याची पिंपं. भोवती अथांग पाणी आणि पिंपातलं पाणी सडत चाललेलं, ही त्या खलाशांची रोजची भीती. किनारा दिसला की ते सोनं नंतर शोधायचे, आधी झरा शोधायचे. तुम्हाला त्या माणसाचं स्मरण करायचंच आहे तर तहानलेल्या गावाला एक टँकर गोडं पाणी द्या. याहून सरळ स्मरण कोणतं?

समन्वयकांचे डोळे खरंच पाणावले. मला क्षणभर वाटलं, जमलं.

"फार सुंदर विचार आहे," ते म्हणाले. "हा तुम्ही भाषणात घ्या. पण टँकरचं असं आहे मॅडम, निधी स्मरणोत्सवाचा आहे. पिण्याच्या पाण्याचं लेखाशीर्ष वेगळं. या शीर्षातून आपण पाणी आणू शकतो, देऊ शकत नाही. ऑडिटला अडकेल."

"रिकामा टँकर नेला तर अडकणार नाही?"

"नाही ना. रिकामा नेणं वाहतुकीत येतं."

मी प्राचार्यांकडे पाहिलं. हे गृहस्थ माझ्याच गावाच्या पलीकडच्या गावचे, त्यांच्या आईने आयुष्यभर तेच पाणी भरलं. ते म्हणाले, "नियम आहे, काय करता." उरलेला गिला वडा त्यांनी संपवला. माणसाचा मला राग येतो तेव्हा मी भांडते. त्या दिवशी मी भांडले नाही, यावरून त्यांनी काय ते ओळखावं. ओळखणार नाहीत ही गोष्ट वेगळी.

टँकर निघाला त्या दिवशी मी समन्वयकांच्या गाडीत होते. पुढे टँकर, त्याला झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना फलक, आणि फलकावर निळ्या लाटा काढून मोठ्या अक्षरात 'जल' शब्द. बाकीचे शब्द खाली बारीक. मला अमरावतीतच कळायला हवं होतं की गावात ते बारीक शब्द कोणी वाचणार नाही.

आम्ही पांदणीवरून वळलो आणि गाव दिसलं. कोणीतरी पोरगं पुढे पळत गेलं असावं. आम्ही चावडीजवळ पोचेपर्यंत बायांची रांग लागली होती. हंडे, गुंड, प्लास्टिकचे ड्रम, एकीने तर कुकर आणला होता. रांग शांत होती, कोणी घुसत नव्हतं, कारण टँकर एवढा मोठा की सगळ्यांना पुरणार हे उघड होतं. वहिनी मधेच कुठेतरी उभी होती. मला गाडीतून उतरताना पाहून तिचं तोंड उजळलं. तिला वाटलं, नणंदेने केलं काहीतरी. शहरात राहते, शिकलेली आहे, शेवटी केलं.

ड्रायव्हर खाली उतरला, त्याने पाइप काढला, आणि रांगेकडे न पाहता तो बोरकडे ओढत नेला. पंप सुरू झाला. पाणी टँकरच्या आत पडू लागलं. रिकाम्या टाकीत पाणी पडताना जो आवाज होतो तो सगळ्या गावाने ऐकला.

"हे काय करून राहिले?" एक म्हातारी म्हणाली. "आपल्याच बोरचं नेऊन राहिले?"

"काहून नेता जी?" दुसरीने ड्रायव्हरला विचारलं. "खारं हाये ते. तुमाले कोनी सांगतलं नाई का?"

ड्रायव्हर म्हणाला, "खारंच पाहिजे मावशी."

यावर त्या हसल्या. आधी एक, मग सगळ्या. खारंच पाहिजे म्हणे! वऱ्हाडातल्या बाया हसतात तेव्हा राखून हसत नाहीत. रांग मोडली, हंडे काखेत परत गेले, आणि समन्वयकांनी तेवढ्यात बोरला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. वहिनी हसली नाही. ती माझ्याजवळ आली, आणि फक्त म्हणाली, "तुमी आल्या, बरं झालं. च्या पिऊन जा." त्या चहाची चव मला माहीत होती. मी घोट घेतला आणि माझा मलाच इतका संताप आला की कप खाली ठेवावा लागला.

दादा ओट्यावर बसून सगळं पाहत होता. समन्वयक त्याच्याकडे गेले. बोर पंचायतीची असली तरी ती जागा आमच्या आजोबांनी दिलेली, म्हणून गावाचा प्रतिनिधी म्हणून दादाने सोहळ्याला यावं, मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते सत्कार होईल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, दादा, काही नको, तुझी तब्येत बरी नाही. दादाने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मोठे पाहुने म्हंजे किती मोठे?" त्याने विचारलं.

समन्वयकांनी सांगितलं. दादाने मान हलवली. ते गेल्यावर मला म्हणाला, "बाई, त्या मशीनच्या जाळीसाठी मी पंचायतीत गेलो, तालुक्याले गेलो, जिल्ह्याले गेलो. सारे म्हनते, वर बोला. आता वरचा मानूस सोता शाल घालाले येऊन राहिला. शाल मले नोको. पन शाल घालतानी मानूस जवळ येते ना? तवा सांगतो त्याले."

त्याच्या डायलिसिसची तारीख लांबवायची होती आणि त्यासाठी त्याला समुद्राच्या सत्काराला जावं लागणार होतं.

सोहळा झाला. कॉलेजच्या मैदानात हौद बांधला होता, त्यात आमच्या गावचं पाणी आणि त्यावर फायबरचं जहाज. जहाज एका बाजूला कललं होतं, म्हणून मंडपवाल्याने आत विटा ठेवल्या होत्या. शिडावर योजनेचं चिन्ह. एनसीसीची पोरं टोप्या घालून खलाशी झाली होती. अमरावतीच्या मार्चच्या उन्हात ती पोरं उभ्या उभ्या वितळत होती आणि त्यांना पाणी द्यायचं कोणाच्या संकल्पनेत नव्हतं.

मोठे पाहुणे उशिरा आले. पूजा झाली. गुरुजींनी सवयीने पळीभर पाणी तीर्थ म्हणून त्यांच्या हातावर घातलं. त्यांनी सवयीने ते तोंडात टाकलं. पुढचं सगळं मंडपाने पाहिलं. त्यांचा चेहरा आक्रसला, त्यांनी रुमाल तोंडाला लावला, आणि मागे उभ्या माणसाने सीलबंद बाटली पुढे केली. चूळ भरून ते माइकवर म्हणाले, "साक्षात समुद्र आहे!" टाळ्या पडल्या. समन्वयकांनी माझ्याकडे पाहून अंगठा वर केला.

माझं भाषण वेळेअभावी रद्द झालं. त्याबद्दल मी कोणाची तक्रार करत नाही. ती मंडळी ऐकणारी नव्हती आणि मलाही माझ्या पिंपांच्या गोष्टीचा वीट आला असता.

मग दादाचं नाव घेतलं. तो पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी अशा वेषात स्टेजवर चढला. सुजलेल्या पायांमुळे त्याला पायऱ्या चढायला वेळ लागला, तर सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "भूमिपुत्र किती संयमाने पावलं टाकतात पाहा." पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला. ज्या माणसाला डॉक्टरांनी नारळाचं पाणी बंद केलं आहे त्याच्या हातात तो नारळ होता. दादा त्यांच्या कानाशी वाकला, पण ते कॅमेऱ्याकडे बघत होते. त्याने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. मग त्याने सरळ माइक ओढला. आयुष्यात तो पहिल्यांदा माइकवर बोलत होता.

"हे पानी समुद्राचं नोहे," तो म्हणाला. "आमच्या गावचं हाये. आमी हेच पेतो. सायेब, तुमाले आत्ता एक घोट गेला नाई. आमचं मशीन बंद हाये. त्याची जाळी द्या. आमाले गोडं पानी द्या."

इतकंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला माझ्या भावाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. तेवढ्यात सूत्रसंचालक बाईंनी हलकेच माइक आपल्याकडे घेतला.

"व्वा!" त्या म्हणाल्या. "खाऱ्या सागरालाही गोडवा मागणारा हा आपला वऱ्हाडी माणूस! किती साधे, किती काळजातून आलेले शब्द! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी वाजवल्या, समन्वयकांनी उभं राहून वाजवल्या, पाहुण्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. मी आजवर बऱ्याच दुष्ट माणसांना पाहिलं आहे आणि त्यांच्याशी कसं वागायचं हे मला कळतं. पण जे दुष्टही नाहीत, ज्यांच्या कानावर शब्द पडतो आणि आत जाईपर्यंत त्याची टाळी होते, त्यांच्यापुढे माझी अक्कल चालत नाही. त्यांच्याविषयी मला फक्त तुच्छता वाटते, आणि ती मी इथे लपवत नाही.

पाहुणे गेल्यावर हौद रिकामा करायची वेळ आली. मंडपवाल्याच्या माणसाने कडेची वीट काढली आणि पाणी बाजूच्या उतारावर निघालं. उतारावर प्राचार्यांनी मोठ्या हौसेने केलेलं लॉन होतं. प्राचार्य स्टेजवरून धावत आले. मी त्यांना इतकं धावताना कधी पाहिलं नव्हतं.

"बंद करा! बंद करा ते!" ते ओरडले. "हे पाणी गेलं की मेलं लॉन. काडी उगवणार नाही इथे!"

दादा खुर्चीवर बसला होता, शाल मांडीवर. त्याने हे ऐकलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "खरं हाये त्याहिचं. गवताले नाई चालत." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शेतकऱ्याला गवताचं कळतं, म्हणून तो शेतकऱ्यासारखं बोलला. मला मात्र तिथे बसवेना. मी उठून त्याला रिक्षात घातलं आणि घरी आणलं.

जाता जाता कानावर पडलं ते एवढं. समन्वयक ड्रायव्हरला समजावत होते, की हौदातलं पाणी परत टँकरमध्ये भरा, सूचनेप्रमाणे जलाचं सन्मानपूर्वक विसर्जन करायचं आहे, जिथून आणलं तिथे नेऊन सोडलेलं उत्तम, विसर्जनाच्या फेरीची तरतूद आहे. मी ते ऐकलं आणि त्याचा अर्थ मनात पुरता उतरला नाही.

संध्याकाळी दादा माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला. मी त्याला नळाचं पाणी तांब्याभर दिलं. तो ते जपून, घोट घोट घेत होता, जसं कोणी प्रसाद घेतं. म्हणाला, "त्याहिनं खांद्यावर हात ठेवला ना बाई. मंग ऐकलंच असंन." त्याला मी टाळ्यांचा अर्थ समजावून सांगायला बसले असते तर मला माझीच लाज वाटली असती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वहिनी होती. ती फोनवर नेहमी ओरडूनच बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आवो, आला टँकर! भरेल हाये, वरपावतर भरेल!" तिच्या मागे भांड्यांचा आणि बायांचा गलका होता. "तुमी बोलले ना तिथं माइकवर? साऱ्या गावानं फोनवर पायलं. सारे म्हनून राहिले, तुमी बोलले म्हनून पाठोला सायबानं. सारी लाइन लागली, मले सगळ्यात पुढं उभं केलं. किती गुंड भरून ठेवू सांगा!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, तो मी पाहिला. मग माझा चेहरा पाहून त्याला कळलं, तेही मी पाहिलं. पलीकडे वहिनी 'हॅलो, हॅलो' करत होती.

"ऐकून राहिलो," दादा म्हणाला. "गुंड खाली ठेव. आधी ओंजळीत घेऊन चाखून पाय."

मागचा गलका थांबला. मग आम्ही दोघंही फोनकडे पाहत बसलो.